माझ्या वाटची भूक

आमची वाडी हेदवीच्या वरच्या अंगाला, सड्यावर, तुमी आता चढून आलात ना गुरुजी तोच सडा, अजून घाम पुसताय म्हणजे कळलंच असेल तुमाला, खाली दर्या दिसतो, माड दिसतात, दशभुजा गणपतीचं देऊळ दिसतं, पण ते सगळं दिसण्यापुरतं, आमच्या वाट्याला हा कातळ आणि कातळाच्या खाली भाताची दोनतीन खाचरं, तीबी दुसऱ्याची. माझा बापूस ह्याच सड्यावर गेला. गवत कापायला गेलेला, पायाला फुरसं चावलं, घरापर्यंत चालत आला आपल्या पायांनी, आवशीला, माझ्या आयेला, बोलला वाईच पाणी दे, आणि बसला तो बसलाच. मी तेवा लहान, मला आठवतो तो त्याचा खांदा, कारण माझा बापूस शिमग्यात देवीच्या पालखीला खांदा द्यायचा आणि त्याच्या खांद्यावर ही एवढी गाठ आलेली, मी तिच्यावर हात ठेवून झोपायचो.

पालखीचं तुमाला सांगायला नको, पण सांगतो, कारण माझा सगळा खेळ त्या पालखीतून आलाय. पालखी जड, ऊन जाळणारं, आणि वाडीवाडीत, घराघरात न्यायची, खाली ठेवायची नाय. पुढच्या दांड्याला माझा बापूस आणि मागच्या दांड्याला धोंडूकाका. धोंडूकाका म्हणजे आमच्याच वाडीतला, सख्खा काका नाय, पण सख्ख्याच्या वर. बापूस गेल्यावर आवशीला बोलला, वहिनी, पोराला मी मुंबईला नेतो, हितं ठेवून काय करशील. आणि मला बोटीत घातलान. आवस जयगडच्या धक्क्यापर्यंत आली, तरीच्या होडीतून खाडी ओलांडून, रडली नाय, बोलली, शिवा, काका सांगेल ते ऐक आणि पोटाला खात जा. एवढंच. पोटाला खात जा. आता आठवलं की काय होतं तुमाला काय सांगू.

माझं नाव शिवराम, पण क्लबात सगळे मला शिवाच म्हणायचे, साहेबलोकसुद्धा. व्हय, क्लब. धोंडूकाका मुंबईच्या बाहेर एका क्लबात क्याडी व्हता. क्याडी म्हणजे साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावून त्याच्या मागनं चालायचं, चेंडू कुठं पडला ते बघायचं, गवताचा उतार कुठं हाय ते सांगायचं. आमच्या गावात कोणाला खरं वाटायचं नाय. शिमग्याला आलो की विचारायचे, काय रे शिवा, एवढे मोठे मोठे साहेब, आणि उन्हात एवढासा चेंडू एवढ्याशा भोकात घालत फिरतात? मी सांगायचो, व्हय, एक भोक झालं की दुसरं, अशी अठरा भोकं, सकाळी सुरू केलं तर दुपार होते. मंग हसायचे. आवस हसायची नाय. ती विचारायची, आणि तू तेवढा वेळ उन्हात? डोक्यावर काय घेतोस?

पहिल्या वर्षी मी उन्हानं पडायचो. आमी सड्यावरची माणसं, उन्हाला काय भीत नाय, पण हितं आपल्या चालीनं चालता येत नाय, साहेब थांबला की थांबायचं, तो चालला की चालायचं, तो चिडला की आपण गप राहायचं, त्यानं माणूस जास्ती थकतो. तेवा धोंडूकाकानं मला शिकवलान. बोलला, हे बघ, ही पालखीच हाय असं समज. पालखीखाली भूक लागली म्हणून थांबता येतं काय? नाय. मंग भूक लागायच्या आधी खायचं. तहान लागायच्या आधी प्यायचं. त्यानं मला चड्डीच्या खिशात चणे आणि गूळ ठेवायला लावला, दोनतीन भोकं झाली की चिमूटभर तोंडात, आणि सोड्याच्या बाटलीत पातळ पेज, मीठ टाकलेली, ती पिशवीच्या कप्प्यात, साहेबाच्या काठ्यांबरोबर. टोपीखाली वडाचं ओलं पान. खांदा दुखायच्या आधी बदलायचा, दुखल्यावर बदलून उपयोग नाय. साहेबलोक हसायचे, हे काय पितो रे तू, आणि त्यातला एक दारूबंदी आल्यावर तर बाटलीचा वास घेऊन बघायचा, की ह्या धोंडूनं काय लपवलंय. त्यात आमची पेज.

आणि अंगाचं झालं, पण डोक्याचं काय? काका बोलायचा, खेळणारा हरतो तो काठी मारताना नाय हरत, चालताना हरतो. एक फटका झाला की चेंडूपर्यंत चालत जायचं असतं, तेवढ्या वाटेत माणूस मागचं चुकलेलं उगाळत बसतो, पुढचं चुकेल म्हणून घाबरतो, आणि चेंडूजवळ पोचेपर्यंत त्याच्यातला जीव संपलेला असतो. म्हणून चालताना खेळ आठवायचा नाय. चालताना घर आठव. जयगडला उतर, तरीत बस, तवसाळला उतर, चढण चढ, काजूच्या झाडाखाली वाईच थांब, विहिरीवर पाय धू, आणि दारात आवस उभी असेल तिला बघ. बघितलंस की चेंडूजवळ उभा राहा, आणि मंग घर सोडून दे, नुसता चेंडू बघ. मी तसंच करायचो. खरं सांगतो गुरुजी, मुंबईत एवढी वर्षं राहिलो पण रोज दहावीस वेळा घरी जाऊन यायचो.

तुमी विचाराल, क्याडी खेळतो कसा? तर सोमवारी क्लब बंद असायचा, त्या दिवशी आमाला खेळायला सोडायचे. साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्या, मोडलेल्या, दोरा गुंडाळून बांधलेल्या, चिरा गेलेले चेंडू. माझा हात बसला. का बसला ते मला माहीत नाय, लहानपणी सड्यावर गुरं राखताना आंब्याच्या काठीनं दगड मारायचो, त्याचा असेल. धोंडूकाका माझी पिशवी धरायचा, मला बोलायचा, आज तू साहेब, मी क्याडी, आणि खरंच मागनं चालायचा, पुढं यायचा नाय. त्याला मूलबाळ नव्हतं.

स्वराज्य आल्यावर तीनचार वर्षांनी गोष्ट. क्लबात शिकवणारा साहेब व्हता, त्याच्या हाताखाली एक माणूस लागणार व्हता, कायमचा, राहायला खोलीसकट. कमिटीनं ठरवलं की क्याडी लोकांचा दरवर्षी कप खेळतात, त्यात औंदा जो जिंकेल त्याला ही जागा. गुरुजी, त्या कपाचं मला काय पडलेलं नव्हतं. मला ती खोली पायजे व्हती. आवस तेवा चिऱ्याच्या खाणीवर डोक्यावरनं चिरे वाहायची. एक चिरा माणसाला उचलवत नाय, ती दिवसभर वाहायची, आणि तिची मान अशी खाली दबलेली, माझ्याशी बोलताना वर बघायची तर सगळं अंग मागं झुकवून बघायची. मी शिमग्याला बघून आलेलो. बोटीत बसल्या बसल्या ठरवलेलं की हिला आता मुंबईला न्यायची, खोलीत बसवायची, बोलायची बस आता, नुसती बस. क्याडी लोकं क्लबाच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची, तिथं आवशीला कुठं आणणार?

कप वैशाखात, सोमवारी. सकाळी एक अठरा भोकांची फेरी, दुपारी दुसरी, दोन्ही मिळून ज्याचे फटके कमी तो जिंकला. मी महिनाभर आधी हसनभाईकडून घरी सांगावा धाडला. हसनभाई म्हणजे बोटीवरचा खलाशी, तवसाळच्या मोहल्ल्यातला, आमच्या अंगाचे सगळे निरोप, आंब्याच्या पाट्या, लग्नाची बोलावणी, मयताच्या बातम्या, सगळं त्याच्या तोंडी. भला माणूस, दिलेला निरोप जसाच्या तसा पोचवायचा, पदरचं काय घालायचा नाय. त्याला सांगितलं, आवशीला सांग, वैशाखातल्या अमक्या सोमवारी असा असा खेळ हाय, जिंकलो तर तुला न्यायला येतो.

कपाच्या आदल्या दिवशी, दुपारी, हसनभाई क्लबाच्या फाटकाशी आला. हातात पुरचुंडी. बोलला, शिवा, तुझ्या अम्मानं फणसपोळी दिलीय, उद्या खेळताना खा बोलली. मी हुंगली, आमच्या मागच्या फणसाचीच. आणि बोलला, आणखी एक सांगायला सांगितलंय, की उद्या दिवस मावळेपर्यंत मी तुझ्यासाठी तोंडात पाण्याचा थेंब घालणार नाय. मी विचारलं, का? काय नवस बोलली काय? तो बोलला, ते मला सांगितलं नाय, बोलली की देवीजवळ बोललेलं आधी सांगायचं नसतं. मी विचारलं, आणि खाणीवर? उद्या खाणीवर जाणार काय? हसनभाई बोलला, जाईल. सोमवार हाय ना.

एवढंच झालं. दुसरं काय झालं नाय. कोणाचं चुकलं असं मी आजबी म्हणत नाय.

सकाळची फेरी मी अशी खेळलो की धोंडूकाकाचे डोळे भरले. चहा पोटात व्हता, ऊन कोवळं व्हतं, हात सरळ चालत व्हता. आमी सगळे मिळून पुष्कळ क्याडी, पण खरं बघितलं तर माझ्या तोडीचा एकच, पीटर, वसईकडचा, शांत माणूस, कोणाशी भांडण नाय तंटा नाय. सकाळ संपली तेवा मी त्याच्या चांगला पुढं व्हतो. बाकीचे झाडाखाली बसून भाकरी खायला लागले. काकानं माझ्यासमोर पेजेची बाटली ठेवलीन, गूळ-चणे ठेवलान, आणि फणसपोळी, बोलला, आवशीनं धाडलीय, ती आधी खा.

मी हातात घेतली. तोंडापर्यंत नेली. आणि मला दिसलं की आता सूर्य डोक्यावर हाय, म्हणजे खाणीवर आता जेवणाची सुट्टी झाली असेल, बाकीच्या बाया सावलीला बसून आपापलं फडकं सोडत असतील, आणि ही एकटी बाजूला बसली असेल, तोंडाला पदर लावून. तिला पाणीसुद्धा नाय. मी फणसपोळी परत फडक्यात बांधली आणि खिशात टाकली.

काका बोलला, काय झालं? मी बोललो, भूक नाय. काका बोलला, भुकेचं कोणी विचारलंय, भूक लागायच्या आधी खायचं असतं. मी बोललो, आवस उपाशी हाय. तो हळू आवाजात बोलला, अरे बाबा, ती तिथं उपाशी, तू हितं उपाशी, कोणीतरी एकानं खायला नको काय? निदान पेज तरी पी. मी बाटली ओठाला लावली, गुरुजी, खरंच लावली, खारट पेज ओठाला लागली, पण घशाखाली उतरेना. तुमी म्हणाल काय हा येडेपणा. पण तुमीच सांगा, आवस आपल्यासाठी कडक उपास धरून डोक्यावर चिरे वाहतेय आणि पोरगा सावलीला बसून फणसपोळी खातो, असं कोणाच्यानं होईल? आमच्यात तर होत नाय. घरात एक उपाशी असला की दुसऱ्याचा हात ताटाकडे जात नाय, आमाला लहानपणापासून तशीच सवय.

दुपारची फेरी सुरू झाली. ऊन असं की गवताचा रंग उडालेला. पहिली काय भोकं बरी गेली. पण चालताना काय करायचं? चालताना घर आठवायचं. मी जयगडला उतरलो, तरीत बसलो, चढण चढलो, काजूखाली आलो, विहिरीवर आलो, आणि दारात आवस, पण उभी नाय, उंबऱ्यावर बसलेली, ओठ सुकलेले. मी ते चित्र पुसायचो आणि चेंडू बघायचो. परत चालायला लागलो की परत तीच उंबऱ्यावर. काकाला सांगितलं, काका, आज घर आठवू की नको? काका बोलला, मंग दुसरं काय तरी आठव, शिमगा आठव. शिमगा आठवला तर बापूस आठवला, बापूस आठवला तर वाईच पाणी दे बोललेला आठवला. सगळ्या वाटा तिथंच जायला लागल्या.

हळूहळू मी घसरायला लागलो. एक फटका इथं जास्ती, एक तिथं जास्ती. पीटर आपला पुढं पुढं येतोय. पाय जड नाय झाले, हे लक्षात ठेवा, पाय हलके झाले, जमीन लागेना, कानात दर्याचा आवाज यायला लागला. काका मागनं चालायचा सोडून पुढं आला, माझा हात धरलान, बोलला, शिवा, तुझ्या पाया पडतो, घोटभर घे. एवढा मोठा माणूस. मी मान हलवली. तेवा तो माझ्यावर चिडला नाय, नुसता पिशवी खांद्यावर घेऊन परत मागं गेला, पण त्या दिवशी पहिल्यांदा मी बघितलं की काका म्हातारा झालाय.

शेवटच्या भोकाला आमी दोघं बरोबरीला आलेलो. पीटरचा चेंडू आत गेला. माझा भोकापासून हातभर, तो गेला असता तर बरोबरी, आणि बरोबरीत सकाळी पुढं असलेला जिंकायचा. हातभर म्हणजे काय, तो फटका मी झोपेत मारला असता. खोली तिथं त्या भोकात व्हती, आवस त्या खोलीत व्हती. मी काठी धरली. खाली बघितलं तर चेंडू दोन दिसायला लागले. डोळे मिटले, उघडले, एक झाला. मारला. काठी वाईच तिरकी लागली, एवढीशीच. चेंडू भोकाच्या काठाला लागून, वळून, बाजूला जाऊन बसला.

पीटर धावत आला, त्यानं मला धरलं नसतं तर मी पडलोच असतो. त्यानं स्वतःची पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली. तेवाबी मी सूर्य कुठं हाय ते बघितलं. अजून मावळायचा व्हता. मी तोंड फिरवलं. त्याला वाटलं मी हरलो म्हणून रागावलोय. बिचारा. पुढं आमची चांगली दोस्ती झाली, पण तेवाचं मी त्याला कधी सांगितलं नाय.

मी शेवटच्या बोटीनं घरी गेलो, पावसाळ्यात बोटी बंद होण्याआधीच्या. बोटीच्या कठड्याला टेकून, दर्याकडे तोंड करून, ती फणसपोळी खाल्ली. सगळी खाल्ली. रडत रडत खाल्ली म्हणा ना, लाज कसली. हसनभाई पलीकडनं बघत व्हता, जवळ आला नाय.

दारात आवस उभी. मी काय बोलायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघितलान आणि तिला कळलं. बोलली, हरलास काय? असूंदे. आधी पाय धू. मला पेज वाढलीन, वर सुका बांगडा भाजून दिलान, आणि समोर बसली, अशी मागं झुकून माझ्याकडे बघत. विचारलान, फणसपोळी खाल्लीस? मी बोललो, खाल्ली. ते खोटं नव्हतं. मंग जरा पुढं सरकली आणि हळूच विचारलान, शिवा, एक सांग, त्या दिवशी खेळताना तुला भूक लागली काय रे? तहान लागली काय?

मी बोललो, का गो?

तेवा सांगितलान. बोलली, आता झालंगेलं, आता सांगायला हरकत नाय. मी देवळात गेले, गुरवाला नारळ दिला आणि देवीला गाऱ्हाणं घालायला लावलं, की आई, माझा पोर दिवसभर उन्हात खेळणार हाय, तर त्याच्या वाटची भूक माझ्या पोटात घाल, त्याच्या वाटची तहान माझ्या घशात घाल, मी दिवसभर सोसते, पण त्याला भूक-तहान लागू देऊ नको, त्याचा हात थकू देऊ नको. गुरवानं देवीला फुलाच्या पाकळ्या लावल्या, कौल मागितला, तर लगेच, बघता बघता, उजवी पाकळी पडली. देवीनं व्हय म्हटलान, शिवा. आणि त्या दिवशी मला अशी तहान लागली, अशी लागली, की मी म्हटलं ही माझी एकटीची नाय, ही दोघांची हाय. मंग सांग ना, तुला लागली काय?

गुरुजी, मी पेजेच्या ताटात बघत व्हतो. तिला सांगायचं व्हतं, आये, तू माझ्यासाठी उपाशी आणि मी तुझ्यासाठी उपाशी, दोघांनी एकाच दिवशी एकमेकांचा घास ठेवला आणि तो घास कोणीच खाल्ला नाय. पण ती माझ्याकडे कशी बघत व्हती ते तुमी बघितलं नाय. आयुष्यात तिनं देवीकडे दुसरं काय मागितलेलं नव्हतं, नवरा गेला तेवासुद्धा नाय. आणि देवीनं उजवा कौल दिलेला. मी भूक लागली बोललो असतो तर तिची देवी गेली असती, तिचा तो दिवसभराचा घसा फुकट गेला असता. मी बोललो, नाय गो आये. भूक नाय, तहान नाय, काय नाय. दिवसभर नुसतं थंड वाटत व्हतं.

तिनं दोन्ही हात जोडलान. तोंड असं उजळलं तिचं, खोली मिळाली असती तरी उजळलं नसतं. आणि मंग एकदम तिच्या ध्यानात आलं, विचारलान, मंग हरलास कसा रे?

मी बोललो, हात चुकला माझा.

बोलली, चुकतो. माणसाचा हात हाय तो. आणि उठून मला आणखी पेज वाढलीन.

पुढं मी कप खेळलो नाय. धोंडूकाका सारखा मागं लागायचा, तुझ्यात जीव हाय अजून, खेळ. मी नाय बोलायचो, कारण मी खेळलो असतो तर आवस परत उपाशी राहिली असती. काकाला वाटलं की पोरगा मनानं मोडला. तो असंच समजून गेला बिचारा, दोन वर्षांनी, गावीच, आणि त्याची तिरडी मी उचलली, पुढच्या दांड्याला, बापूस असायचा त्या जागी.

पण खेळलो नाय म्हणून काय झालं? आवशीनं हसनभाईला विचारून काढलान की शिवाला जास्ती काम कधी असतं. तो बापडा खरंच बोलणार, बोलला, इतवारला, इतवारला सगळे साहेब येतात, शिवा दोन दोन फेऱ्या उन्हात मारतो. झालं. तिनं रविवार धरलान. दर रविवारी कडक उपास, माझ्या वाटचा. माझं लग्न झालं, बायको आवशीजवळ राहिली, तिनं मला पुढल्या शिमग्याला सांगितलं, तेवा मला कळलं. मी आवशीला बोललो, आये सोड हे, मी रविवारी सावलीत असतो. हसली. बोलली, तुला काय ठावं, तुला लागत नाय ना? तूच बोललास. लागत नाय कारण हितं मी घेते.

माझ्याच तोंडचा शब्द. परतून खरं सांगायला जावं, तर आधीचे सगळे रविवार तिचे वाया गेले असं व्हायचं. मी मुंबईत रविवारी पोटभर जेवायला लागलो, जेवढं जाईल तेवढं, काकानं शिकवलं तसं, भूक लागायच्या आधी, म्हणजे निदान तिचं म्हणणं खरं व्हावं. साहेबलोक बोलायचे, शिवा, तू रविवारी थकत नाहीस. मी बोलायचो, नाय साहेब, मला घरनं सांभाळतात.

गेल्या साली आवस गेली. खाणीवर जाणं बायकोनं कधीच बंद केलेलं, पण रविवार बंद करता आला नाय. सुकत सुकत गेली. मला बातमी पोचली, मी बोटीनं आलो, पण उशीर झालेला. बायकोनं मंग मला सांगितलान, शेवटच्या दिवशी घसा कोरडा पडलेला, ही चमच्यानं पाणी तोंडाशी घेऊन गेली, तर आवशीनं ओठ मिटून घेतलान आणि हळूच विचारलान, आज वार कुठला गो? तो रविवार व्हता. माझी बायको शाळेत गेलेली नाय, काय नाय, पण ती एक क्षण थांबली नाय, बोलली, सोमवार हाय आये. कालच गेला रविवार. मंग आवशीनं तोंड उघडलान. दोनतीन चमचे प्याली. बोलली, शिवाचा कालचा दिवस बरा गेला असेल. आणि गेली.

मी बायकोच्या पाया पडलो गुरुजी, आमच्यात कोणी पडत नाय, मी पडलो.

आता मी मुंबई सोडली. हितंच असतो, खाचरं करतो, पालखीला खांदा देतो. सकाळी खळ्यावर बसतो तर समोर हा सडा, आणि कधी कधी हाताला काठी लागली की एखादा दगड मारून बघतो, कुठं जातो ते. हात अजून चुकत नाय. आता चुकत नाय. देवळात जातो, देवीच्या समोर उभा राहतो, पण कौल मागत नाय, काय विचारायचं ते मला कळत नाय. तिनं आवशीचं ऐकलं की नाय? माझ्या वाटची भूक आवशीच्या पोटात घातली असेल, आणि मला लागली ती मंग माझी नव्हती, ती आवशीची असेल, जी मी ओढून घेतली. असंबी असेल. कोणाला माहीत.

तुमी लिवलंत सगळं? लिवा, पण आता ते बाजूला ठेवा. ती बघा, आत पेज उकळायला लागली, सोबत कुळथाचं पिठलं हाय आणि फणसपोळीबी औंदाची. भूक नाय म्हणू नका. उन्हात चालत आलाय, परत सडा उतरायचाय, भूक लागायच्या आधी खायचं असतं. आणि आज रविवार हाय गुरुजी. ह्या घरातनं रविवारी आता कोणी उपाशी जात नाय. बसा.